भोयरसाहेबांचा लाल रंग

भोयरसाहेबांना माणसाचं नाव कधी लक्षात राहायचं नाही. लक्षात राहायची ती त्याच्या वावरातल्या मातीची खोली. दारव्ह्याच्या आठवडी बाजारात समोरून कोणी ओळखीचा येताना दिसला, की साहेब मला कोपर मारायचे. "पाह्य, पंचेचाळीस येऊन राह्यला. खाली चुनखडी हाय बिचाऱ्याच्या." तो पंचेचाळीस जवळ येऊन रामराम घालायचा. साहेब त्याच्या बायकापोरांची चौकशी करायचे नाहीत. "काय म्हन्ते चुनखडी?" असं विचारायचे. आणि गंमत म्हणजे तो माणूसही भर बाजारात पिशवी खाली ठेवून, घरातल्या म्हातारीची तब्येत सांगावी तशी चुनखडीची तब्येत सांगायला लागायचा.

मी युनूस. दारव्हा ते यवतमाळ सवारीची जीप चालवायचो. कापसाची ती वाईट वर्षं होती. बीटीचं बियाणं नवं नवं आलेलं. ज्याला त्याला तेच पाहिजे. डोंगरउतारावरच्या मुरमातसुद्धा लोक तेच टोचायचे आणि दिवाळीला कापसाच्या गुडघ्याएवढ्या पऱ्हाट्यांकडं बघत बसायचे. बाजाराला जायला लोकांकडं कारणच उरलं नव्हतं, तर माझ्या जीपला सवारी कुठून मिळणार? तेवढ्यात कळलं, जमिनी तपासायला एक साहेब आलेत आणि त्यांच्या ऑफिसाला महिन्याच्या भाड्यानं गाडी पाहिजे. म्हटलं, साहेबाची गाडी म्हणजे आराम. टपावर माणसं नाहीत, मागं बकऱ्या नाहीत. आराम! तौबा तौबा.

पहिल्याच दिवशी हा माणूस जीपमध्ये बसला, दार ओढून घेतलं आणि ना नाव ना गाव, एकदम विचारलं, "वावर हाय का तुले?"

म्हटलं, "हाय ना साहेब. अब्बानं घेतलेलं दोन एकर हाय, दिग्रस रोडले."

"खोली किती?"

"साहेब, मी ड्रायव्हर आहो. मी इंजिनातलं ऑइल मोजतो."

"मंग चाल, पाहू."

जायचं होतं भलतीकडंच, आणि निघालो माझ्या वावरात. साहेबांनी मागून गिरमीट काढलं. सुताराचं असतं तसंच, पण छातीएवढं उंच. जमिनीत पिळून घातलं की पोटात माती भरून घेऊन वर येतं. चार-पाच पीळ दिले आणि खालून खर्र आवाज आला. मुरूम लागला. साहेबांनी टेप लावला, वाकून सेंटिमीटर पाहिले आणि म्हणाले, "बावीस."

बस. त्या दिवसापासून मी बावीस. एकदा घरी फोन आला, घरवालीनं उचलला, तर पलीकडून आवाज, "बावीस हाय का घरी?" तिनं राँग नंबर म्हणून ठेवून दिला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा साहेब म्हणाले, "अवो बाई, ते दिग्रस रोडचं नाही का? उथळ, मुरमाड, जीपवालं." तेव्हा कुठं तिला कळलं, की हा आपल्या नवऱ्याचाच विषय चालला आहे. ती आजही रागात असली की मला मुरमाड म्हणते.

दिसायला साहेब उंच, काटकुळे. डोक्यावर धुऊन धुऊन रंग गेलेली कापडी हॅट, खिशात रंगीत पेन्सिली, आणि पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर मातीचे गोल डाग. ते डाग कधी निघाले नाहीत, कारण हा माणूस दिवसातून वीस वेळा गुडघे टेकायचा. कधी कधी तर पोटावर आडवा पडून एक डोळा मिटून वावराचा उतार बघायचा. येणाराजाणारा मला विचारायचा, "भोवळ आली का सायबाले?"

त्यांचं काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. वरून उपग्रहानं आमच्या भागाचे फोटो काढलेले असायचे. फोटोत जिथं जिथं रंग बदलतो, तिथं जाऊन माती खरंच बदलते का ते बघायचं. खोली किती, उतार किती, पाणी मुरतं की थांबतं, चुनखडी कुठं लागते, सगळं गट नंबराप्रमाणं लिहायचं. मग यवतमाळला कॉम्प्युटरवर ते सगळं एकावर एक चढवलं, की गावाचा नकाशा तयार. गडद हिरवं म्हणजे कापसाला उत्तम. पोपटी म्हणजे बरं. पिवळं म्हणजे ओढूनताणून. आणि लाल म्हणजे इथं कापूस लावू नका रे बाबांनो. पण साहेबांचा कॉम्प्युटरवर भरवसा नव्हता. "त्याच्या पायाले कधी ढेकूळ टोचलं का?" म्हणायचे. माझ्या बोनेटवर कागद पसरून आधी स्वतः पेन्सिलीनं रेघ मारायची आणि मग कॉम्प्युटरची रेघ तिच्याशी जुळते का बघायचं. नाही जुळली तर पुन्हा त्याच वावरात, पुन्हा त्याच नाल्यातून. दोन वर्षांत माझ्या तीन क्लचप्लेटा गेल्या.

आणि त्यांचा चहाचा नियम! माती मोजायच्या आधी कोणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. "चहा पेला का रेघ सरकते, बावीस." आता आमच्याकडं दारात आलेल्या माणसानं चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडणच. लोकांची तोंडं पडायची. मग साहेबांनी तोड काढली. माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "माह्या वाटचा हा पेते." म्हणजे घरटी मला दोन कप. दिवसाला आठ घरं झाली तर सोळा कप, आणि साखर अशी की बशीला ओठ चिकटावे. पित्तानं माझं डोकं फुटायला लागलं. डॉक्टरनं विचारलं, "काही टेन्शन आहे का?" म्हटलं, "नाही, जमीन तपासणी आहे."

नुसत्या गिरमिटानं भागायचं नाही. प्रत्येक गावात एक-दोन ठिकाणी साहेब पुरुषभर खोल खड्डा खणून घ्यायचे, आत उतरायचे आणि मातीच्या भिंतीला नाक लावून उभे राहायचे. तासतासभर. चाकूनं टोकरायचे, बाटलीतून ॲसिडचे दोन थेंब टाकायचे. फेस आला म्हणजे चुनखडी आहे. फेस आला की हा माणूस एकटाच हसायचा.

बोरदरा म्हणून डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. तिथला पहिला खड्डा घेतला तो नेमका अमावास्येला. बरडावर एकलकोंडा खड्डा, आत उतरलेला माणूस, काठावर राखण करत बसलेला मी, आणि शेजारी ठेवलेली चार लिंबं. ती लिंबं साहेब उन्हासाठी आणायचे, सरबताला. पण आमच्या जिल्ह्यात खड्डा, अमावास्या आणि लिंबू एका जागी दिसलं की माणसाला गुप्तधनाशिवाय दुसरं काही सुचत नाही. तासाभरात अर्धं गाव काठावर. एक म्हातारा म्हणतो, "अर्धं देवाले द्या लागन, नाही तं घर बसते." दुसरा म्हणतो, "हे माह्या चुलत्याचं वावर हाय, पयला हिस्सा माह्या." शेवटी पोलीसपाटील आले. त्यांनी मला खाली-वर बघितलं, मग लिंबं मोजली, मग खड्ड्यात वाकून ओरडले, "कोन हाय? वर या!"

आतून आवाज आला, "थांबा ना बाप्पा, इथं रंग बदलून राह्यला."

मी कपाळावर हात मारला. झालं, म्हटलं, आता आपली वरात ठाण्यावर. पण साहेबांनी काय करावं? पाटलांनाच हात धरून खाली उतरवून घेतलं. वरून मला फक्त दोन टोप्या दिसत होत्या. साहेब भिंतीवर बोट फिरवत सांगत होते, "हे वरचं एवढंच पिकाचं. इथं मूळ थांबलं, पाहा, वाकडं झालं. इथून खाली त्याले रस्ताच नाही." पाटील पाच मिनिटांनी वर आले. धोतर झटकलं आणि म्हणाले, "चाळीस वर्स झाले ह्या जमिनीवर चालून राह्यलो. आज पयल्यांदा आतून पाह्यली." मग जी रांग लागली! म्हाताऱ्याकोताऱ्या बायासुद्धा पदर खोचून खड्ड्यात उतरल्या. ज्याचा त्याचा हात त्या वाकड्या मुळावर जाऊन थांबत होता. त्या दिवशी गावात गुप्तधनाचा ग कोणी काढला नाही.

तरी मी मनातून साहेबांना थोडं अर्धवटच समजत होतो. तो समज गेला दसऱ्याला. त्याचं असं झालं, की ऐन उन्हाळ्यात, वावरं नांगरून उघडी पडलेली असताना, साहेबांनी बोरदऱ्याच्या टेकडीखाली एक रेघ मारली होती. मला तर इकडंतिकडं सारखीच ढेकळं दिसत होती. मी म्हटलंही, "साहेब, उन्हात पेन्सिल वितळली का?" दसऱ्याला आम्ही पुन्हा त्या टेकडीवर चढलो. साहेबांनी तो उन्हाळ्यातला कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पाह्य आता." खाली कापूस उभा होता. एका बाजूला माणसाच्या छातीएवढा, हिरवागार. दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा, तांबूस. दोन्हीकडं एकच बियाणं, एकच खत, एकच पाऊस. आणि उंच कापूस जिथं संपून ठेंगणा सुरू होत होता ती ओळ, तिच्या वळणावळणासकट, कागदावर होती. एका ठिकाणी रेघ उगाच आत वळली होती, तिथं कापूसही आत वळला होता. खुदा झूठ न बुलवाए, मी त्या रेघेवर बोट ठेवण्याआधी हात पुसले.

"साहेब, तुमाले तवा कसं दिसलं हे?"

"मले कायचं दिसते? मी इचारलं. जमीन सांगते बावीस, कोनी इचारतच नाही."

त्या ठेंगण्या बाजूला चार एकर वावर होतं शांताबाई ढग्यांचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा प्रमोद सव्वीस वर्षांचा. बाई पहाटेपासून वावरात असायची. धुऱ्याला, म्हणजे बांधाला दगड रचायची, उन्हाळ्यात तळ्यातला गाळ डोक्यावरून आणून टाकायची, पाऊस ओढला तर घड्यानं पाणी घालायची. एवढं करून शेजाऱ्याच्या निम्म्यानंही कापूस यायचा नाही. गावात लोक काय म्हणायचे? "ढग्याच्या घरी कष्ट नाही. त्या बाईच्या हातालेच गुन नाही." आणि आपली लोकं एकदा म्हणाली की म्हणाली.

मग नकाशा छापून आला आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. चांगला दाराएवढा. सगळ्या गावानं आपापला गट नंबर शोधला. हिरवेवाले आठ दिवस छाती काढून फिरले. लालवाले म्हणाले, "सायबाले काय समजते." इथवर ठीक होतं. पण लगीनसराई जवळ आली आणि भलतंच सुरू झालं. मुलींचे बाप पोरगा बघायला आले, की पोह्यांआधी ग्रामपंचायतीत जायला लागले! पोराचं शिक्षण कोणी विचारेना, व्यसन कोणी विचारेना. "गट नंबर सांगा." भिंतीवर बोट ठेवायचं, हिरवं निघालं तर बैठकीत बसायचं, लाल निघालं तर चप्पल घालायची. जमिनी तपासायला केलेला नकाशा, आणि लोकांनी त्याची पत्रिका करून टाकली. मी हसून हसून लोळलो. शांताबाई येईपर्यंत.

प्रमोदचं लग्न राळेगावकडच्या पुरुषोत्तमराव काळ्यांच्या मुलीशी जवळजवळ ठरलं होतं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. देण्याघेण्याचंही काही नव्हतं. काळे सुपारी फोडायच्या आधी म्हणून गावात आले, नकाशापुढं उभे राहिले, आणि घरात न येता तसेच परत गेले. निरोप पाठवला, लाल पट्ट्यात पोरगी देणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात शिरलो तर शांताबाई रस्त्याच्या मधोमध उभी. मी ब्रेक मारला. ती साहेबांच्या बाजूला आली आणि खिडकीला धरून म्हणाली, "साहेब, तुमच्या खिशात पिवळी पेन्सिल हाय ना?"

साहेब म्हणाले, "हाय."

"मंग माह्या वावरावर फिरवा ना एकडाव. चारच एकर हाय. कोनाले समजते? तुमचं काय जाते, साहेब? माह्या पोराचं लगन होते."

साहेबांनी खिशावर हात ठेवला. मग हळू म्हणाले, "बाई, ते माह्यानं नाही होनार. ती रेघ नाही हालत."

तिनं खिडकी सोडली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती बाजूला झाली आणि आम्हाला जायला वाट दिली.

माझं डोकं असं सटकलं! घाटात मध्येच जीप उभी केली, इंजिन बंद केलं आणि तोंड सोडलं. "साहेब, माती पाहू पाहू तुमच्या छातीत बी मुरूमच भरला हाय का? पेन्सिलीचा रंग हाय तो, कुरानाची आयत नाही! एका बाईचं घर मोडते तुमच्या एका रेघेनं, अन् तुमी म्हन्ता हालत नाही? काहून हालत नाही? तुमच्या बापाची हाय का रेघ?"

साहेब समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. इतकंच म्हणाले, "ते लाल कायले लाल हाय, हे कोनी वाचलंच नाही." मी दणकन गिअर टाकला. असल्या माणसाशी काय बोलायचं?

रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर साहेब. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची सुरळी. गुडघ्यांवर डाग नाहीत म्हणून आधी मी ओळखलंच नाही. "गाडी काढ. आज सरकारी काम नाही, डिझल माह्यं. राळेगावकडं जाचं हाय, काळ्यायच्या घरी."

काळ्यांच्या घरी पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. भाव नव्हता म्हणून लोकांनी त्या वर्षी कापूस घरातच ठेवला होता, आणि त्याच्या खाजेनं घरातली सगळी माणसं अंग खाजवत बोलत होती. आम्ही कापसाला पाठ टेकून खाटेवर बसलो. आतून चहा आला. मी सवयीनं दोन कप घ्यायला हात पुढं केला, तर साहेबांनी आपला कप स्वतः उचलला. मी बघतच राहिलो. "मोजाले नाही आलो," ते काळ्यांना म्हणाले, "मांगाले आलो. प्रमोद ढग्यासाठी तुमची पोरगी."

काळे म्हणाले, "साहेब, नकाशा तुमीच काहाडला अन् मांगाले बी तुमीच येता? लाल हाय ते वावर."

"हाय. तुमची जमीन कशी हाय?"

"चार फूट काळी." काळ्यांची मान ताठ झाली. "आजापासूनची."

"एकरी किती काहाडता?"

"पाच. बरा पाऊस असला तं सा क्विंटल."

"शांताबाईची माती एवढीच हाय." साहेबांनी पंजा पसरून दाखवला. "माह्या पुस्तकाच्या हिसोबानं तिथं कापूस होतच नाही. ती बाई दोन क्विंटल काहाडते. तुमच्यात अन् तिच्यात भारी शेतकरी कोन, ते तुमीच सांगा."

काळे खाजवायचे थांबले.

"लाल रंग मी मानसाले नाही लावला, काळेसाहेब. जमिनीले लावला. त्या लालवर कायचं पीक येते, ते बी मी लिवून आनलं हाय. तूर, तीळ, जवारी, बांधाले सीताफळ. कोनी सांगतलं नव्हतं मले, ऑफिसातून कापसाचंच काम होतं. हे मी रविवारचं बसून केलं." सुरळी उलगडली. लाल पट्ट्यातला एकेक गट, आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात काय पेरायचं ते. साऱ्या गावाचं. आम्ही सगळे त्या कागदावर वाकलो. मी दोन वर्षं ह्या माणसाबरोबर फिरलो, आणि हे काम मला माहीतसुद्धा नव्हतं.

काळे म्हणाले, "सारं खरं, पन लोक काय म्हन्तीन? त्यापेक्षा ते वावर पिवळं काहून नाही करून टाकत? सारेच सुटतीन."

साहेबांनी कप खाली ठेवला. "माह्या बापाले मारेगावकडं तीन एकर होतं," ते म्हणाले. "कापूस कधी गुडघ्याच्या वर गेलाच नाही. गाव बापाले आळशी म्हने. मी बी म्हनो. मॅट्रिक झालो त्या वर्सी घरात पाहुने बसले होते, त्यायच्या समोर मी बापाले म्हनलं, तुमी कामचोर हा, तुमच्या हातालेच रोग हाय. बाप उठून वावरात निंघून गेला. मी बी घर सोडलं. मंग शिकलो, नोकरी लागली, मातीचं काम समजलं. अन् एक दिवस गिरमीट घेऊन त्या वावरात गेलो. माती नव्हतीच, काळेसाहेब. वीतभर बी नव्हती. तेवढ्यावर त्यानं आमा चार भावंडाले खाऊ घातलं, मले मॅट्रिक केलं. त्याले सांगाले घरी पळत गेलो." साहेबांनी सुरळीची कड सारखी केली. "बाप दोन महिन्याआधी गेलता. भाऊ बोलत नव्हते, मले कोनी कळवलंच नव्हतं."

घाटात मी ह्या माणसाला काय काय बोललो होतो, बाप काढला होता, ते सगळं आठवून मला लाज वाटली.

"आज मी शांताबाईचं वावर पिवळं केलं," साहेब म्हणाले, "तं उद्या तिचाच पोरगा तिले इचारन, आये, पिवळ्यात दोनच क्विंटल? म्हनजे तूच कामचोर. तिच्या बाजूनं बोलनारा तो एक लाल रंग हाय, काळेसाहेब. तो बी मी पुसू का?"

उत्तर दिलं आतल्या दारातून काळ्यांच्या मुलीनं, स्वातीनं. "बाबा, जी बाई मुरमातून कापूस काहाडते तिच्या घरी मी उपाशी नाही मरत. अन् इथं चार फूट काळीवर मी रोज खाजवूनच राह्यली."

काळे हसले. मग आम्हीही हसलो. गुरुवारी वावर बघायला येतो म्हणाले. लग्न झालं, हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव तिकडं अडकायचा. शांताबाईनं मला अहेराचा टॉवेल दिला आणि जेवताना वाढायला स्वतः आली. त्या चार एकरात आता सीताफळं आहेत.

पण मी त्या रविवारचं सांगत होतो. राळेगावातून बाहेर पडलो, दारव्ह्याकडं वळणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "मारेगावकडं घे." म्हणजे घराच्या उलट्या दिशेला. दुसरा दिवस असता तर मी टायरपासून कुरकुरायला सुरुवात केली असती. काही न बोलता गाडी वळवली.

वावर रस्त्याला लागूनच होतं. भावांनी ते कधीच विकलं होतं. ऊन कलतीला लागलं होतं आणि वाळलेल्या पऱ्हाट्या अजून उभ्या होत्या, गुडघ्याएवढ्या. साहेब उतरले. गिरमीट मागंच राहू दिलं. हॅट काढून हातात घेतली आणि धुऱ्यावर उभे राहिले. मी जीपजवळच थांबलो, पण वारा माझ्याकडं होता, म्हणून ऐकू आलं. "बाबा, तुमी आळशी नव्हते," ते म्हणाले. "मी चुकलो." मी तोंड दुसरीकडं फिरवलं. रडत होतो मी, त्यात लपवायचं काय?

पऱ्हाट्या उपटणारा एक माणूस वावरातून आमच्याकडं आला. पन्नाशीचा असेल, अंगात बंडी, हाताला फडकं गुंडाळलेलं. "कोन पायजे?"

साहेब म्हणाले, "कोनी नाही. वावर पाहून राह्यलो."

"घ्याचं हाय का? नोका घेऊ." तो माणूस कसनुसं हसला. "काहीच होत नाही ह्यात. किती बी मरा. आता तं घरची बाई बी म्हन्ते, पोरं बी म्हन्ते, मीच आळशी आहो."

साहेबांनी त्याचे दोन्ही हात धरले. फडक्यासकट. तो माणूस घाबरलाच. साहेबांनी मला कागद आणायला सांगितला. बोनेटवर ठेवून लिहायला लागले. खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि कागद त्याच्या हातात दिला.

"काय लिवलं?" तो म्हणाला. "मले वाचता येत नाही."

साहेबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मग मीच कागद घेऊन मोठ्यानं वाचला. 'या वावरात माती फार कमी आहे. इथे कापूस येत नाही यात शेतकऱ्याचा काहीही दोष नाही. हा माणूस कष्टाळू आहे.'

त्यानं मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग कागदाची घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबून धरला.

"दाखवतो घरी," तो म्हणाला. "पोरगा पुन्याहून येईन सनाले, तवा दाखवतो."

"नाही," साहेब म्हणाले. "आजच दाखवा."